टोमासीमामा काय म्हणाला होता

हेच ते यंत्र, साहेब — नाही, दोरी काढणार नाही, गळ्यातच राहू द्या, मी पुढे झुकतो, तुम्ही बघा. बघितलं? सहा आकडे. हे बटण दाबलं की येतात, जरा वेळाने जातात, पुन्हा दाबलं की नवे. माणूस गेला, पण बॅटरी आहे अजून. हो, पडद्यावर दुसरं नाव दिसतंय ना, सेमिसी, तो मी. पहिलं नाव कितिओने, माझा मोठा भाऊ, पाच आठवडे झाले त्याला जाऊन. दाखला तुमच्यासमोरच आहे — नाही, तो नाही, चहाच्या कपाखाली आहे तो. राहू दे, राहू दे, डाग पडला तर पडला. ताई समोर झेरॉक्स काढायला गेलीय. जन्माचा कागद घरी राहिला असं मी तिला सांगितलं, आणि मग खिशातून काढून दिला, म्हटलं, अरे, हा तर इथेच होता, पण याची नक्कल लागेल. लागत नाही, मला माहीत आहे लागत नाही. सकाळी वीज गेली होती, आता तिथे रांग असणार. ती यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय, म्हणून पाठवली.

तुमचं म्हणणं मी पुन्हा एकदा बोलून दाखवतो, चुकलं तर थांबवा, माझं शिक्षण सहावीपर्यंत, तेही मारून मुटकून. मी यंत्रातले आकडे वाचायचे. मग तुम्ही पडद्यावरचा गुप्त प्रश्न मोठ्याने वाचायचा. मी त्याचं उत्तर मोठ्याने द्यायचं. आणि ज्याला पैसे मिळणार ते माणूस, म्हणजे ताई, इथे शेजारच्या खुर्चीत पाहिजे, आणि वर तो कॅमेरा. एवढं झालं की पैसे आजच्या आज. नाही झालं तर कागद मोठ्या ऑफिसात, तिथून कोर्टात, दीड-दोन वर्षं. असंच ना? आणि ती नसताना आत्ता पटकन विचारून टाका म्हटलं तर — नियम. चिठ्ठीवर लिहून देतो म्हटलं तर — नियम. तुमच्या कानात सांगतो म्हटलं, तर तुम्ही खुर्चीच मागे सरकवली. छान नियम आहे. चेष्टा नाही करत, साहेब. नियम पाळण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही. तुम्ही फिजीहून आलात, महिनाही झाला नसेल, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, पण इथे आमच्या नेइआफू गावात कोणालाही विचारा, तुमच्या बँकेचे नियम कोणी पाळले — सेमिसीने पाळले. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलंय.

ते चित्र बघा ना, तुमच्या मागच्या भिंतीवर, टोपीत तोंड लपवलेला माणूस आणि हातात फोन. त्याच्याखालचं मला पाठ आहे. अक्षरं मला जड जातात, दादाने फोनवरून पाठ करून घेतलं होतं. चोर अनोळखी नंबरावरून बोलतो. चोर घाई करतो. चोर तुम्हाला एकटं गाठायला बघतो. कोड कोणालाही सांगू नका. चार ओळी. आमच्याकडे मुलं देवाच्या दहा आज्ञा अडखळत म्हणतात, मी या चार घडाघडा म्हणायचो.

दादा परदेशी गेला तो ताईच्या छपराकरता. मागल्या वादळात तिचं छप्पर उडालं ते थेट पाद्रीबाबांच्या डुकरांवर जाऊन पडलं, एक डुक्कर मेलं, त्याची भरपाईसुद्धा आम्हीच दिली. तेव्हापासून ताई ताडपत्रीखाली आहे, दोन लेकरं घेऊन. बहिणीच्या डोक्यावर छप्पर नाही आणि भाऊ मुळ्यांचा गुंगीचा कावा पीत बसलेत, असं गावाने म्हणायच्या आत दादा विमानात बसला. क्वीन्सलंडला, टोमॅटो खुडायला. मी जातो म्हटलं तर म्हणाला, खोबऱ्या, तुला तिकडे साइनबोर्ड वाचता येणार नाहीत, कोणाच्या तरी लग्नात जाऊन जेवशील. मला खोबऱ्या म्हणतात सगळे. डोकं नारळासारखं आहे म्हणून. आता केस नाहीत म्हणून जास्तच दिसतंय, केस आत्याने कापले, दफनाच्या दिवशी. आणि ही कमरेला गुंडाळलेली सुतकाची चटई एवढी फाटकी नि एवढी मोठी, ती मी धाकटा म्हणून. तुमचा दरवाजा अरुंद आहे, आत येताना अडकलो मी, तुमचा शिपाई हसला. हसू दे.

हं, यंत्र. तिकडे एका खोलीत आठ जण झोपायचे. दादाला धास्ती, कोणीतरी रात्रीत यंत्र उचलेल, पैसे काढेल. बँकेत पैसे असले की माणसाला झोप येत नाही हे मला तेव्हा कळलं — उशीखाली असले तर निदान उशी तरी चाचपता येते. मग त्याने डोकं लढवलं. यंत्र पाठवलं माझ्याकडे, हे असं दोरीत ओवून, आणि गुप्त शब्द ठेवला स्वतःच्या डोक्यात. म्हणजे चोराला पैसे काढायचे तर आधी दादाला धरायला पाहिजे, मग समुद्र ओलांडून मला धरायला पाहिजे. विमानाचं तिकीटच काढलेल्या पैशाहून जास्त! फार हसलो आम्ही. दर रविवारी, चर्च सुटलं की, जमिनीतल्या भट्टीत पुरलेलं जेवण उघडायच्या आधी, त्याचा फोन. मी म्हटलं, दादा, रविवारी धंदा करणं पाप, पोलीस धरतात. तो म्हणाला, धंदा कसला, तू नुसते आकडे वाच, चर्चमध्ये फळ्यावर स्तोत्रांचे नंबर लावतात तसे वाच. मग मी गाऊन वाचायचो. चार — शून्य — नऊ — आणि तिकडून आठही जण आमेन म्हणायचे.

आणि एक नियम दादाचा स्वतःचा, तुमच्या चार ओळींवर पाचवी. रविवार सोडून कधी माझा फोन आला, दुसऱ्या नंबरावरून आला, मी वाटलो नाही मीच आहे असं — तर तो प्रश्न विचार. उत्तर आलं नाही तर ठेवून दे. माझा आवाज असला तरी ठेवून दे. मी रडलो तरी ठेवून दे, हल्ली यंत्रं माणसाचा आवाज काढतात. शपथ घे. मी घेतली. तोच प्रश्न त्याने तुमच्या बँकेलाही दिला. पडद्यावर आहे ना तुमच्या? नका, वाचू नका! हळूसुद्धा नका. मीच सांगतो. ‘टोमासीमामा काय म्हणाला होता?’ हाच ना.

टोमासीमामा आमच्या आईचा भाऊ, तोही गेला. दादा अकरा वर्षांचा होता, मी सहा-सातचा. पाद्रीबाबांच्या नीरफणसावर चढला, फांदी मोडली, हा पडला — पण अर्धाच पडला, चड्डी अडकली खुंटाला. चड्डी वर आणि दादा खाली, उलटा. सगळं जगाला दिसतंय. मी खाली उभा राहून बोंबलतोय. तेवढ्यात टोमासीमामा आला, तोंडात पाइप. वर बघितलं. सावकाश बघितलं. आणि पाइप न काढता पाच शब्द म्हणाला, आणि निघून गेला, सोडवलंसुद्धा नाही. पाच शब्द! आम्ही तीन दिवस हसत होतो, जेवताना हसलो, चर्चमध्ये हसलो, वडिलांनी दोघांना बडवलं, तर बडवून घेताना हसलो. का हसताय ते मात्र दोघांनीही सांगितलं नाही. कारण — आता तुम्हीच बघा, साहेब, तुम्ही पुरुष, मी पुरुष, आत्ता इथे मी तुम्हाला सांगेन, तुम्हीही हसाल. पण बहिणीच्या कानावर? आमच्यात बहीण म्हणजे — घरात ती बसली असेल त्या खोलीत भाऊ बसत नाही. तिच्या छपराखाली झोपत नाही, आम्ही पोरं बाहेरच्या खोपट्यात वाढलो. ती जवळून गेली तर आम्ही शिवीसुद्धा गिळतो. असले शब्द तिच्यासमोर उच्चारण्यापेक्षा माणूस जीभ तोडून घेईल. म्हणून तर दादा म्हणाला, यापेक्षा पक्कं कुलूप नाही, हे उत्तर आपल्या दोघांच्या तोंडून तिसऱ्याकडे जाणंच शक्य नाही. फार हुशार होता दादा.

ती बाहेर दिसतेय का? निळ्या छत्रीची. नाही ना? बरं.

मग बुधवारचा फोन आला. माझ्या फोनची बॅटरी गेली होती, तेव्हा ताईच्या फोनवर आला. ती उंबऱ्याच्या आत चटई विणत बसलेली, मी बाहेर पायरीवर, फोन मध्ये जमिनीवर ठेवला, मोठ्या आवाजात लावून, आम्ही असंच बोलतो. अनोळखी नंबर. आवाज घोगरा, तुटत तुटत येणारा. म्हणतो, सेमिसी, मी कितिओने, आकडे वाच, लवकर. लवकर! मी चित्राकडे बघावं तसं ताईकडे बघितलं. अनोळखी नंबर — झालं. घाई — झालं. मी म्हटलं, आज वार कोणता? म्हणाला, वार सोड, माझं पोट — वाच ना रे, गाडीवाला पैसे घेतल्याशिवाय हलत नाही. मग विचारतो, ताई आहे का जवळ? आहे म्हटलं. तर म्हणतो, तिला जरा लांब जायला सांग. बघा! एकटं गाठायला बघतो! तिसरी ओळ! साहेब, मला इतका आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा शिकवलेलं काहीतरी परीक्षेत आलं होतं. मी ओरडून म्हटलं, ताई इथेच बसणार. आणि आता सांग, टोमासीमामा काय म्हणाला होता?

तिकडे गाडीचा हॉर्न वाजतोय. मग म्हणतो, आत्ता नाही सांगता येत.

ठेवला मी. पुन्हा आला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच, आत्ता नाही सांगता येत, खोबऱ्या. खोबऱ्या म्हणाला, पण तसं सगळं गावच म्हणतं. ताई आतून म्हणाली, ठेव रे, चोरच आहे मेला, आपल्या कितिओनेला मामाचं बोलणं आठवणार नाही होय? तिसऱ्यांदा आला तेव्हा मी काही बोललो नाही, नुसता ठेवून दिला.

गुरुवारी ताईने चटया विणणाऱ्या बायकांना सगळं सांगितलं. ती नक्कल झकास करते. घसा खरवडून, डोळे वर करून — आत्ता नाही सांगता येत! बायका लोळल्या. दोन दिवसांत गावभर झालं. शाळेत मास्तरांनी पोराला विचारलं, गृहपाठ कुठे, तर पोरगं म्हणतं, आत्ता नाही सांगता येत! दुकानात उधारी मागितली की, आत्ता नाही सांगता येत! मला लोकांनी कावा पाजला. पुढच्या रविवारी पाद्रीबाबा म्हणाले, सेमिसी शिकलेला नाही, पण शहाणा आहे. दादा त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, गेलेला होता. त्या रविवारी त्याचा फोन आलाच नाही, आम्हाला सोमवारी कळलं.

आतडं फुटलं. डॉक्टर म्हणाले एक दिवस आधी आणला असता तर. ते सगळेच म्हणतात, नाही? नाही, साहेब, रुमाल नको, मी रडत नाही, तुमच्या पंख्याचं वारं डोळ्यात जातंय. पहिल्या मळ्यावरचं काम सोडून तो दुसरीकडे लपून खुडत होता, तिथे पैसे जास्त, पण मग विमा नाही, कागद नाही. रुग्णवाहिका बोलावली तर पकडून परत पाठवतील अशी भीती. म्हणून दवाखान्यात न्यायला भाड्याचा गाडीवाला. मानासे म्हणून त्याच्या खोलीतला, तो शवपेटीबरोबर आला, त्यानेच सांगितलं मला, भट्टीसाठी लाकडं फोडत होतो तेव्हा. म्हणाला, बुधवारी माझ्या फोनवरून तीनदा लावला तुझ्या भावाने. तू काय रे बोललास त्याला, तिसऱ्यांदा? तो फोन कानाला लावून नुसता हसला, पोट धरून.

मी मघाशी म्हटलं ना, तिसऱ्यांदा काही बोललो नाही. बोललो. मर तिकडेच, म्हटलं. चोराला म्हटलं मी! चोराला म्हणायला नको? कोणीही म्हणेल! तुम्ही नसतं म्हटलं? — माफ करा. टेबल तुमचं आहे. सांडला का चहा? पुसतो मी, चटईनेच पुसतो, फाटकीच आहे.

पाच आठवडे माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, साहेब. चोर असता ना, तर काहीतरी उत्तर ठोकून दिलं असतं त्याने. मामा म्हणाला देव तुझं भलं करो, मामा म्हणाला उतर खाली — काहीतरी. चोराला लाज कशाची? पोट फाटत असताना, गाडीवाला हॉर्न वाजवत असताना, बहीण ऐकतेय म्हणून पाच शब्द गिळणारा माणूस जगात एकच होता. त्याने उत्तर दिलं होतं, साहेब. न बोलणं हेच उत्तर होतं. आणि मी, तिच्याच उंबऱ्याबाहेर बसलेला, त्याच आईचा — मला नाही कळलं. मला चित्रातला माणूस दिसत होता.

ताईला यातलं काही माहीत नाही. मानासेकडून मी शपथ घेतली, फोनमधला नंबर पुसला. ताईला अजून वाटतं तो चोरच होता. उलट ती म्हणते, बघ, आपला भाऊ आजारी आहे हे त्या चोरांना आधी कळलं आणि आपल्याला नाही. रोज म्हणते. तिला तेवढाच एक आधार आहे, की निदान त्याचे कष्टाचे पैसे तरी आम्ही राखले. आता तुम्ही हा प्रश्न तिच्यासमोर वाचणार. तिने तो ऐकलाय, उंबऱ्यात बसून तीनदा ऐकलाय. ती म्हणेल, सांग की सेमिसी, तुला तर माहीत आहे, तूच विचारत होतास. आणि मी तोंड उघडून बसेन, आणि ती माझ्याकडे बघेल. ताई हुशार आहे, साहेब, आमच्यात तीच शिकलेली. तिला कळायला आमच्या या यंत्राइतकाही वेळ लागणार नाही, की उत्तर कसलं होतं आणि तो कोणामुळे गप्प बसला. मी तिथे नसते, चटई उचलून मागे गेले असते, तर — हे तिच्या डोक्यात एकदा शिरलं की कुठलं छप्पर तिला पुरणार? मी माझं भोगतोय, माझ्या डोक्यात खोबरंच आहे, चालतंय. तिला नको.

म्हणून हात जोडतो. प्रश्न बदला. आईचं नाव विचारा, डुकराचं नाव विचारा. पडद्यावर नाही बदलता येत? मग तिला म्हणा, बाई, जरा बाहेर बसा. म्हणा की कॅमेरा बिघडलाय. तुम्ही मान हलवताय. कळलं मला. कोणीतरी मान हलवणारच, त्याकरताच तर ठेवलंय तुम्हाला. पैसे सुरक्षित आहेत ना? आहेतच. इतके सुरक्षित पैसे या बेटावर कोणाचे नसतील.

आली. निळी छत्री. रस्ता ओलांडतेय. बघा, मी डोळे पुसले, दिसतंय का काही? नाही ना?

— ये ताई. मिळाली नक्कल? बस. नाही, ती खुर्ची घे, मी इकडे सरकतो. हो, साहेब तेच समजावून सांगत होते मला. फार चांगले आहेत. आता मी आकडे वाचायचे. वाचू, साहेब? चार — सात — शून्य — शून्य — दोन — आठ. बरोबर? बघितलंस, ताई, अजून चालतं.

नाही, साहेब, थांबा. प्रश्न नका वाचू. वाचायची गरजच नाही, मला उत्तर येत नाही. हो, न ऐकताच सांगतो. प्रश्न कुठलाही असू दे, दादाने मला काही सांगितलेलं नाही, त्याला वाटायचं मी कुठेतरी बडबडेन. पाठवा कागद कोर्टात. दोन वर्षं तर दोन वर्षं, जुनी ताडपत्री फाटलीय, येताना नवी बघून ठेवलीय मी, जाड आहे. कॅमेऱ्यात आलं ना सगळं? पुन्हा कशाला म्हणायला लावता? एकदा सांगितलं ना, साहेब, मला आत्ता नाही सांगता ये— येत नाही. उत्तर येत नाही, असं म्हणतोय मी. येत नाही. लिहा.

चल, ताई. छत्री घे.

ताई? अशी काय बघतेस माझ्याकडे? उठ ना.